घर बदलताना नोकरी गेली तर
(रेडिओवरील भाषण)

रत्नागिरीजवळच्या नाचणे किंवा कुवारबावला राहणारं एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. जुना ब्लॉक लहान पडतो म्हणून तो विकायला काढलाय, गिऱ्हाईक मिळालंय, त्याच्याकडून विसारही घेतलाय. दुसरीकडे मोठं घर पसंत करून तिथे विसार दिलाय, बँकेचं मंजुरीपत्र हातात आलंय. आणि याच दोन-तीन महिन्यांच्या मधल्या काळात घरातल्या कमावत्या माणसाची नोकरी जाते. अशा वेळी घरातली बहुतेक माणसं एकच गोष्ट बोलतात. घेतोय ते घर सोडायचं नाही, कारण विसार दिलाय. आणि विकतोय तो व्यवहार थांबवूया, म्हणजे निदान डोक्यावर छप्पर राहील. बोलणं ऐकायला शहाणपणाचं वाटतं. माझं म्हणणं मात्र नेमकं उलटं आहे. विसार घेतला असेल तर विक्री पुरी करावी आणि खरेदीतून बाहेर पडावं. काही महिने, लागलं तर वर्ष-दीड वर्ष, भाड्याने राहावं. हा सल्ला कटू आहे, म्हणून त्याची कारणं सविस्तर सांगतो.

पहिलं कारण कायद्याचं. विकणाऱ्याने शब्द फिरवणं आणि घेणाऱ्याने शब्द फिरवणं, हे दोन्ही सारख्याच वजनाचे गुन्हे असल्यासारखं आपण बोलतो, पण त्यांची किंमत सारखी नसते. साठेखत करून विकणारा मागे फिरला, तर घेणारा कोर्टात जाऊन ‘मला पैसे परत नकोत, घरच द्या’ असं म्हणू शकतो. विशिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. तोपर्यंत असा हुकूम देणं हा न्यायाधीशांच्या मर्जीचा भाग होता. दुरुस्तीनंतर तो सर्वसाधारण नियम झाला. दावा लागला की ते घर धड विकता येत नाही, धड गहाण ठेवता येत नाही. ज्याचा पगार थांबलाय त्याच्या गळ्यात हे लोढणं पडलं तर तो हलणार कसा? कागदोपत्री विकणाऱ्यालाही घेणाऱ्यावर असाच दावा लावता येतो, हे खरं. पण ज्याचं कर्ज उचललंच जाणार नाही त्याच्या मागे वर्षानुवर्षं कोर्टात हिंडण्यापेक्षा विसार ठेवून घेऊन दुसरं गिऱ्हाईक बघणं विकणाऱ्यालाही परवडतं. म्हणजे घेणाऱ्याचं नुकसान बहुधा विसारापुरतं राहतं. इथे विसार कशाला म्हणायचं हेही नीट बघायला हवं. सर्वोच्च न्यायालयापुढे १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास हा खटला आला होता. त्यात घेणाऱ्याने १,००० रुपये विसार आणि पुढे २४,००० रुपये दिले होते, आणि करारात लिहिलं होतं की व्यवहार मोडला तर सगळे २५,००० जप्त. न्यायालयाने विसाराचे हजार विकणाऱ्याकडे राहू दिले, वरचे २४,००० नुसत्या त्या कलमाच्या जोरावर जप्त करायला नकार दिला. करार कायद्याचं ७४ वं कलम वाजवी भरपाई मान्य करतं, दंड नाही. तेव्हा ‘पाच लाख दिलेत, आता सगळे बुडणार’ असं कोणी घाबरवलं तर त्यातला विसार किती आणि किमतीपोटी दिलेली रक्कम किती, हे साठेखत उघडून आधी बघा. घर बिल्डरकडून घेत असाल आणि करारनामा अजून नोंदवला नसेल तर स्थिती आणखी बरी. महारेराच्या २०२२ सालच्या नमुना वाटपपत्राप्रमाणे १५ दिवसांत रद्द केलं तर काहीच कपात नाही, आणि ६० दिवस उलटून गेले तरी कपात किमतीच्या २ टक्क्यांपुरती.

आता हिशेब. समजा नव्या घरासाठी ३० लाखांचं कर्ज आहे, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता होतो साधारण २६,००० रुपये. पहिल्या हप्त्यातले २१,२५० रुपये नुसते व्याजाचे; मुद्दलात जेमतेम पावणेपाच हजार जातात. विसार दोन लाखांचा दिला असेल, तर तो वाचवण्याच्या नादात घर घेतलं की आठ हप्त्यांत त्याहून जास्त रक्कम जाते, आणि त्या आठ महिन्यांत पगार नसतो. यात मुद्रांक शुल्क, नोंदणी, वीजमीटर, किचनचा ओटा, हे काही धरलेलं नाही. उलट जुना ब्लॉक विकला गेला की त्याच्यावरचं कर्ज फिटतं, एक हप्ता कायमचा बंद होतो आणि उरलेली रक्कम हातात येते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, आणि कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेने मूळ कागद परत द्यायचे असतात. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. ‘पण विकून लगेच दुसरं घेतलं नाही तर टॅक्स बसेल ना’, असं विचारणारे पुष्कळ. दोन वर्षांहून जास्त काळ आपल्या नावावर असलेलं राहतं घर विकलं, तर नफ्यातून दुसरं घर घ्यायला प्राप्तिकर कायदा विक्रीनंतर दोन वर्षं देतो, बांधायचं असेल तर तीन. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नाहीत तर ते बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवायचे, एवढंच. थोडक्यात, मधल्या काळात भाड्याने राहायची सोय कायद्यानेच करून ठेवलेली आहे.

यावर सगळ्यात जोराचा आक्षेप असतो तो आशेचा. नोकरी काय, दोन महिन्यांत लागेल. लागावी, लवकर लागावी. पण या जिल्ह्याला त्या ‘दोन महिन्यां’चा अनुभव चांगला आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली घरंच्या घरं होती. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत माणसं थांबली, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. लालबाग-परळमधल्या खोल्या ज्यांना शेवटी सोडाव्या लागल्या, त्यांनी त्या सवडीने, चार गिऱ्हाइकं बघून सोडल्या नाहीत. देणी दारात आली तेव्हा सोडल्या. दुसरं उदाहरण आपल्याच गुहागर तालुक्यातलं. अंजनवेलला एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प मे २००१ मध्ये बंद पडला. रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी निघाली २००५ साली, आणि वीज पुन्हा तयार व्हायला २००६ साल उजाडलं. पाच वर्षं. प्रत्येकाच्या वाट्याला पाच वर्षं येतात असं नाही. मात्र किती दिवस थांबावं लागेल हे ज्याचं त्याला आधी कळत नाही, आणि बँकेचं घड्याळ तोवर थांबत नाही. हप्ता ९० दिवस थकला की खातं अनुत्पादक ठरतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस आणि पुढे ताब्याची कारवाई. करोनात रिझर्व्ह बँकेने हप्ते थांबवू दिले होते की, असंही कोणी म्हणेल. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत हप्ते पुढे ढकलले गेले, पण व्याज चालूच होतं.

दुसरा आक्षेप मनाला लागणारा आहे. स्वतःचं घर विकून भाड्याच्या घरात जायचं म्हणजे लोक काय म्हणतील? आणि मुलांची शाळा? शाळेचा प्रश्न खरा आहे. म्हणून भाड्याचं घर त्याच भागात बघावं, अकरा महिन्यांचा करार रीतसर नोंदवून घ्यावा, आणि घर विकतानाच ताबा दोन महिन्यांनी देण्याची बोली करावी. लोकांबद्दल मला फार बोलायचं नाही. वास्तुशांतीला जेवून गेलेले लोक हप्ता भरायला येत नाहीत. याहून विचारात घेण्यासारखं म्हणणं कोकणात वेगळंच ऐकू येतं: गावचं घर आहे ना, तिकडे जाऊ. राहायला जावं, जरूर जावं, भाडं वाचतं. पण ते घर म्हणजे हाताशी असलेली पुंजी आहे असं समजू नये. सातबारा काढून बघा. आजोबांचं नाव, खाली चुलत्यांची, आत्यांची, त्यांच्या मुलांची नावं, त्यांतली दोघं मुंबईला, एक बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही. सगळ्यांच्या सह्यांशिवाय त्या जमिनीवर ना कर्ज मिळत, ना तिला धड गिऱ्हाईक. अडचणीच्या वेळी पैसा उभा करून देईल असा आपल्या नावचा एकमेव चोख कागद बहुधा शहरातल्या त्या जुन्या ब्लॉकचाच असतो. त्याला आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं आणि पुढच्या गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा बघू म्हणायचं, हा जुगार आहे.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी मोठ्याने बोलत नाही, कानात सांगतात. बँकेला कशाला कळवायचं? मंजुरी मिळालीच आहे, रक्कम एकदा सुटू दे. हे करू नका. मंजुरी म्हणजे वाटप नव्हे. परिस्थिती बदलली तर कळवायची अट मंजुरीपत्रातच असते. बदललेली परिस्थिती लपवून उचललेलं कर्ज उद्या फसवणुकीच्या आरोपापर्यंत जाऊ शकतं, आणि तसं गेलं नाही तरी पगाराशिवाय ते फेडायचं आपल्यालाच आहे. नोकरी जाताना मिळालेले पैसे, मग ती ग्रॅच्युइटी असो, नोकरकपातीची भरपाई असो की फंड, नव्या घराच्या पोटात घालणंही तितकंच चुकीचं. ते पैसे घरखर्चाचे आहेत.

माझा सल्ला सगळ्यांना सरसकट लागू नाही. जुन्या घरावर कर्ज नसेल आणि विसार अजून घेतला नसेल, तर दोन्ही व्यवहार थांबवून आहे तिथेच बसावं, तेच उत्तम. घरात दुसरा भरवशाचा पगार असेल आणि नवा हप्ता त्याच्या तिसऱ्या हिश्शात बसत असेल, तर खरेदीही पुरी करायला हरकत नाही. पण विसार घेतलेला, कर्ज डोक्यावर आणि पगार एकच, अशी स्थिती असेल तर फोन करायचा तो नवं घर विकणाऱ्याला, आणि त्याच आठवड्यात. लवकर कळवलं तर त्याचं नुकसान कमी होतं आणि विसारातली काही रक्कम तडजोडीने परत मिळण्याची शक्यता वाढते. शेवटच्या तारखेला कळवलं तर तीही जाते.

आणि ज्यांची नोकरी आज शाबूत आहे, पण घर बदलायचं चाललंय, त्यांना एक विनंती. साठेखताच्या मसुद्यात ‘मुदतीत रक्कम न दिल्यास विसार जप्त’ हे वाक्य छापील असतंच. त्याच्या खाली वकिलाकडून आणखी एक ओळ लिहून घ्या: ‘खरेदीदाराचे गृहकर्ज बँकेने मंजूर न केल्यास अथवा वितरित न केल्यास विसाराची रक्कम ३० दिवसांत परत केली जाईल.’ समोरचा नाही म्हणाला तर विसार कमी द्या.