सांधा आणि सरस : धनुष्यासाठी चिकटद्रव्याची निवड

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



चिकटविण्याच्या पदार्थांना मराठी भाषेने एकाच नावात गुंडाळून ठेवलेले नाही. बाभळीच्या खोडातून पाझरतो तो डिंक, पीठ शिजवून होते ती खळ, जनावरांच्या कातड्यापासून काढतात तो सरस आणि झाडावरील सूक्ष्म कीटक देतात ती लाख. पतंगाला खळ पुरते, पाकिटाला डिंक पुरतो. सुताराच्या चौरंगाला मात्र पूर्वी सरसच लागे. जुन्या कारागिराला नुसते चिकट असे काहीतरी नको असे, कामाच्या प्रकृतीला मानवणारे द्रव्य हवे असे. या विवेकाची सर्वांत कठीण परीक्षा जिथे होते, ती वस्तू म्हणजे हाताने घडविलेले धनुष्य.

आज देशातील असंख्य मुले धनुर्विद्येचा श्रीगणेशा बांबूच्या धनुष्याने करतात. राष्ट्रीय स्पर्धांतील ‘इंडियन राउंड’ या प्रकारात ५० आणि ३० मीटर अंतरावरून असेच धनुष्य चालवले जाते. साहजिकच, बांबूच्या आणि लाकडाच्या पट्ट्या जोडून घरीच धनुष्य करावे, अशी हौस एखाद्या मुलाला होते आणि पालकही कौतुकाने साहित्य आणून देतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मेजाचा सांधा सुटला तर मेज डगमगते. धनुष्याचा सांधा सुटतो तो मात्र बहुधा दोरी पूर्ण ओढलेली असताना, म्हणजे ओढणारा हात हनुवटीशी आणि ताणलेले लाकूड चेहऱ्यासमोर असताना. म्हणून चिकटद्रव्याची निवड ही केवळ हौसेची बाब राहत नाही. ती डोळ्यांच्या सुरक्षिततेची बाब होते.

सांध्यावर नेमका कोणता भार येतो, हे समजण्यासाठी दोनशे पानी वही पुरेशी आहे. वही हातात धरून वाकवली की तिच्या मोकळ्या कडेची पाने एकमेकांवरून घसरतात आणि कडेला पायऱ्या पडतात. धनुष्य वाकते तेव्हा त्याच्या थरांनाही असेच घसरायचे असते. नेमबाजाच्या विरुद्ध दिशेची बाजू, म्हणजे धनुष्याची पाठ, ताणली जाते. नेमबाजाकडील बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. या दोहोंच्या मध्ये ही घसरण रोखून धरण्याचे काम चिकटद्रव्याच्या पातळ थराकडे असते, आणि तेही एकदा नव्हे, हजारो वेळा. त्यामुळे ‘सर्वांत घट्ट कोणते?’ हा प्रश्न अपुरा ठरतो. वाकूनही न तडकणारे, सततच्या भाराखाली न सरकणारे आणि त्या प्रदेशाच्या हवेत टिकणारे द्रव्य कोणते, असे विचारावे लागते.

प्राचीन कारागिरांनी या प्रश्नाचे उत्तर प्राण्यांच्या शरीरातच शोधले. विष्णूच्या धनुष्याचे ‘शार्ङ्ग’ हे नाव शृंग, म्हणजे शिंग, या शब्दावरून आले आहे. मध्य आशियापासून तुर्कस्तान, इराण, भारत आणि कोरियापर्यंत पसरलेल्या संयुक्त धनुष्याची रचना अशी असे : मध्ये लाकडाचा गाभा, पोटाला दाब सोसणारे म्हशीचे शिंग आणि पाठीला ताण सोसणाऱ्या कंडरांचे तंतू. हे तिन्ही पदार्थ एकमेकांना परके. त्यांना एकजीव करी तो कातड्याचा, कंडरांचा किंवा माशाच्या वाताशयाचा सरस. कंडरा ज्या कोलॅजेन प्रथिनाच्या बनलेल्या असतात, त्याच प्रथिनापासून सरसही होतो. म्हणून कुटून मोकळे केलेले तंतू कोमट सरसात भिजवून पाठीवर बसवले की ते नुसते चिकटत नाहीत, तर लाकडाशी एकरूप होतात. शिवाय वाळताना हा थर आकसतो आणि धनुष्याला उलट्या दिशेने खेचतो. त्या खेचीतच बाणाचा पुढचा वेग साठलेला असतो. आधुनिक इपॉक्सी कितीही बळकट असली तरी ती अशी आकसत नाही. म्हणूनच कंडरांच्या कामासाठी जाणकार आजही सरसाकडेच वळतात.

सरसाची वागणूक मात्र मानी पाहुण्यासारखी आहे. तो आधी थंड पाण्यात फुगू द्यावा लागतो, मग पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंतच तापवावा लागतो. उकळला की त्याची ताकद जाते. थंड झाला की तो लगेच गोठू लागतो, म्हणून खोली उबदार आणि हात चपळ हवेत. माशाचा सरस किंचित सावकाश गोठतो व अधिक लवचीक असतो; कोरियातील ‘गाकगुंग’ या पारंपरिक धनुष्यासाठी तो आजही मानाने वापरला जातो. उस्मानी तुर्क कारागीर शिंगाच्या व लाकडाच्या पृष्ठांवर परस्परांत बसतील अशा बारीक खाचा पाडीत, दोहोंना सरस लावीत, दोराने करकचून आवळीत आणि नंतर महिनोन्‌महिने वाट पाहत. संपूर्ण धनुष्य सिद्ध होण्यास वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागे.

या सरसाचा एकच शत्रू, तो म्हणजे पाणी. म्हणून अशा धनुष्यांवर भूर्जाची साल, चामडे किंवा लाखेचा लेप चढवीत. कोरियात ती उबदार, कोरड्या पेटीत ठेवण्याची रीत आहे. आपल्याकडील पावसाळी हवा सरसाला मुळीच मानवणारी नव्हती. मोगल काळात भारतात पोलादी धनुष्येही घडवली गेली, त्यामागे हे एक कारण मानले जाते. संयुक्त धनुष्याची चपळता पोलादाला आली नाही. पण शस्त्रागाराच्या दमट कोपऱ्यात ते वर्षानुवर्षे पडून राहिले तरी त्याचे थर सुटण्याची भीती नव्हती. हवामानाने कारागिराला दिलेला हा धडा आजही तितकाच खरा आहे.

आजच्या हौशी कारागिराचे काम बहुधा बांबू आणि लाकूड यांच्या पट्ट्यांचे असते. ज्याला सर्रास फेविकॉल म्हटले जाते त्या प्रकारचा पांढरा गोंद हाताळायला सोपा, स्वस्त आणि पाण्याने धुता येणारा असतो. अगदी हलक्या, लहान धनुष्याच्या सरावाला तो चालून जातो. परंतु सततच्या ताणाखाली आणि उन्हाच्या तापात या जातीचा साधा गोंद हळूहळू सरकतो. यातच पाण्याला दाद न देणारे प्रकार मिळतात, ते अधिक भरवशाचे. युरिया-फॉर्मल्डिहाइडची पूड पाण्यात कालवून होणारा गोंद कडक व न सरकणारा असतो, पण त्याला सांधा अचूक बसलेला लागतो आणि त्याची वाफ नाकाडोळ्यांना बाधते. पॉलियुरेथेनचा गोंद फुगून फट भरल्याचा भास निर्माण करतो. त्या फेसात मात्र बळ नसते. क्षणात चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद ठिसूळ असल्यामुळे बाणाची पिसे लावण्यापुरताच बरा.

राळ आणि कठीणकारक अशा दोन भागांची, सावकाश जमणारी इपॉक्सी पट्ट्यांच्या धनुष्यासाठी बहुतेकांना सोयीची पडते. ती बारीक फटी भरते आणि ओलाव्याला सहसा दबत नाही. मात्र तिच्याही अटी आहेत. दोन भागांचे प्रमाण अंदाजाने नव्हे, तराजूने किंवा मापाने घ्यावे. पाच मिनिटांत जमणारा प्रकार टाळावा. शिकंजे एवढे आवळू नयेत की सारी इपॉक्सी बाहेर पडून सांधा उपाशी राहील. आणि सामान्य तापमानाला जमलेली इपॉक्सी उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत मऊ पडू शकते, हे उन्हाळ्यात विसरू नये.

तथापि सांधे फसतात त्यातील दोष पुष्कळदा गोंदाचा नसतोच. बांबू ओला असतो; वाळताना तो आकसून सांधा ओढतो. रंधा सपाट चाललेला नसतो. सागवानासारख्या तेलकट लाकडाचा पृष्ठभाग ॲसिटोनने पुसलेला नसतो. पॉलिश पेपरने घासल्यावरची धूळ तशीच राहिलेली असते, किंवा घामेजलेला हात चिकटवायच्या जागी फिरलेला असतो. आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे घाई. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होण्याआधीच दोरी चढवण्याचा मोह पुष्कळांना आवरत नाही.

म्हणून जाणता कारागीर धनुष्याबरोबर एक साक्षीदार तयार करतो. त्याच लाकडाचे दोन उरलेले तुकडे, त्याच वेळी, त्याच गोंदाने तो चिकटवून ठेवतो. ठरलेल्या काळानंतर पटाशी घालून ते तुकडे फोडतो. लाकूड फाटले आणि त्याचे तंतू गोंदावर चिकटून राहिले, तर सांधा लाकडापेक्षा बळकट आहे. गोंदाची रेष गुळगुळीत, स्वच्छ उघडली, तर धनुष्य कितीही देखणे असो, त्याला दोरी चढवायची नाही. तयार झालेल्या धनुष्याचेही सांधे दर वेळी नखाने चाचपून पाहावेत आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. बाणाला मिळायची ती सारी शक्ती मग सांध्यांवरच आदळते.

दोन महिने खपून केलेले धनुष्य बाजूला ठेवणे चौदा वर्षांच्या मुलाला जड जाते. त्या क्षणी पालकाने ‘एकदा ओढून तर बघू’ म्हणावे की त्या दोन तुकड्यांचा निकाल मानावा, यावर पुढचे सारे अवलंबून असते. निकाल मानला गेला, तर मुलाच्या हातून एक धनुष्य जाते. पण कशाला काय जोडावे, कशाने जोडावे आणि किती थांबावे, हे ज्ञान त्याच्या हाती राहते. पुढच्या खेपेस तो बांबू आधी वाळवतो, रंधा नीट धरतो आणि गोंदाला त्याचा वेळ देतो.

परमुलखात साठ वर्षे उभ्या असलेल्या मराठी शाळेच्या वास्तूत हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. घरची भाषा आणि गावची भाषा, या दोन भिन्न प्रकृतींच्या पट्ट्या येथे पिढ्यान्‌पिढ्या जोडल्या गेल्या. पृष्ठभाग स्वच्छ ठेवणारे आणि सांधा जमेपर्यंत धीर धरणारे हात मिळाले, म्हणून त्या वाकूनही सुटल्या नाहीत.