तान्ह्या बाळाची धाप
(बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबांपुढें केलेलें भाषण)



लेकरूं जन्मलें, रडलें आणि तासा-दोन तासांत भरभर श्वास घेऊं लागलें, कीं आमच्या घरांतून पहिली धांव पंचांगाकडे जाते. मूळ नक्षत्र, बाहेरचा वारा, बाळंतिणीचा पायगुण असे दोष निघतात. शांतीचा खर्च घरधन्याच्या माथीं बसतो आणि बोल त्या गरीब बाळंतिणीस लागतो. खरें कारण ऐका.

आईच्या पोटांत असतां बाळाच्या फुप्फुसांत हवा नसून पाणी असतें. कळा सुरू झाल्या कीं तें अंगांत शोषलें जाऊं लागतें व जन्मतांच त्याची जागा हवा घेते. कांहीं बाळांत हें काम मागें पडतें. कळांपूर्वींच पोट चिरून बाळंतपण केल्यास, किंवा बाळ थोडें आधीं आल्यास, असें अधिक घडतें. म्हणून मुहूर्तासाठीं शस्त्रक्रियेचा हट्ट धरूं नये. बहुतेक बाळें एक ते तीन दिवसांत बरीं होतात.

मग घरींच कां ठेवूं नये, असें कोणी विचारील. कारण न्यूमोनिया, जंतुदोष व हृदयाचे विकार यांचीं लक्षणें आरंभीं अशींच असतात. डॉक्टरानें तपासल्यावांचून भेद कळत नाहीं. दवाखान्यांत बाळास ऊब देतात, प्राणवायु उणा पडल्यास पुरवितात, धाप फार असल्यास दूध नळीनें देतात. कारण तोंडानें पाजलेलें दूध श्वासनळींत जाण्याचें भय असतें. गुटी आणि बिब्ब्याचे चटके हे उपाय नव्हेत, घात आहेत.

बाळ शांत असतां घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. ६० किंवा अधिक भरले, बरगड्यांखालीं खळगा पडला, बाळ कण्हूं लागलें, ओठ निळे पडले किंवा दूध ओढीना, तर क्षणभर थांबूं नका. हें मोजण्यास मोठी विद्या लागत नाहीं. गडचिरोलींत डॉ. राणी व अभय बंग यांनीं खेड्यांतल्या बायांनाच बाळें तपासण्यास शिकविलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत नवजात बाळांचे मृत्यु ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचें दिसलें.

दसरा झाला कीं आमच्या जिल्ह्यांतील जोडपीं कोयता घेऊन परमुलखांत जातात, आणि कित्येक बाळंतपणें उंसाच्या फडाजवळ कोपींतच होतात. मुकादमाची उचल अंगावर असते, खाडा पडूं नये म्हणून धापणारें बाळ तसेंच राहतें. उचल आज ना उद्यां फिटेल. गेलेलें लेकरूं परत येणार नाहीं. १०८ वर फोन करा, गाडी फुकट येते. आजारी तान्ह्या बाळाची तपासणी, औषध व प्राणवायु सरकारी दवाखान्यांत २०११ सालापासून मोफत आहेत. बीडचें जिल्हा रुग्णालय व अंबाजोगाईचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच करांवर चालतें. तेथें मागाल ती भीक नव्हे, तुमचा हक्क आहे.

देव आणि माणूस यांमध्यें दलाल नको, म्हणून जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला. तान्हें बाळ आणि त्याचा डॉक्टर यांमध्येंहि दलाल नको, एवढेंच आमचें सांगणें आहे.