गावाकडची विहीर आणि आपली सही



आपल्या वस्तीतली बहुतेक घरं पोटापाण्यासाठी शहरात आली. गावाला भाऊ राहिला, दोन-अडीच एकर कोरडवाहू राहिली. त्या भावाकरिता सरकारदरबारी काय आहे, याबद्दल आम्ही आज बोलणार आहोत.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी 2017 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. नव्या विहिरीला आधी अडीच लाख मिळत, 2024 साली ते अनुदान चार लाख झालं. जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंप, ठिबक, शेततळ्याचं अस्तरीकरण हेही त्यात येतं. नव्या विहिरीला निदान एक एकर जमीन लागते. अर्ज महाडीबीटीवर होतो आणि चौकशी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे करायची. 2025 पासून शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. एक मात्र ध्यानात ठेवा, मंजुरीआधी कुदळ मारू नका. आधी खणून मग पैसे मागितले तर मिळत नाहीत.

योजना आहे, पैसाही आहे. मग अडतं कुठं? सातबाऱ्यावर! त्यावर अजून आजोबांचंच नाव असतं, आणि आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली. वारस नऊ, त्यातले सहा मुंबई-पुण्याला. कसणारा एकटा, पण कागदावर त्याचं नावच नाही. मग विहीर कोणाच्या नावे देणार? 2025 साली शासनानं जिवंत सातबारा मोहीम काढली ती यासाठीच. मृत्यूचे दाखले आणि वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडे जायचं, म्हणजे फेरफार होतो. बहिणींची नावं मात्र गाळू नका, त्यांचाही हक्क आहे.

सामाईक खात्यात इतर हिस्सेदारांचं संमतीपत्र मागतात, आणि इथं शहरातली माणसं बिचकतात. सही केली तर हिस्सा जाईल, असं वाटतं. ही भीती अगदीच खोटी नाही, म्हणून नीट सांगतो. विहिरीला संमती दिल्यानं हिस्सा जात नाही. हिस्सा जातो तो हक्कसोडपत्रानं. तेव्हा कागदाचं शीर्षक वाचा, मजकूर वाचा, वाचता येत नसेल तर पोरांकडून वाचून घ्या, आणि कोऱ्या कागदावर सही कोणालाच देऊ नका, सख्ख्या भावालासुद्धा नाही. पण संमतीचाच कागद असेल तर चार-चार वर्षं अडवून धरू नका. तिकडं त्याचं पीक दर साल करपतंय.

ज्यांना जमीनच नाही त्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, तीही 2018 पासून पूर्ण अनुदानावर. सरकारी दरात जमीन विकणारा सापडणं कठीण, हे खरं. तरी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे अर्ज करून ठेवावा.

दिवाळीला गावी जाल तेव्हा सातबारा आणि आठ-अ चा उतारा काढून आणा. वंदना झाल्यावर विहारात बसून आपण ते मिळून वाचू.

जयभीम.