भिंतीवरची ठकठक

(पाड्यावरच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या माणसाला गार्ड नाहीतर पोलीस उचलून नेतात तेव्हा घरचे पहिलं काय करतात? गप बसतात. म्हणतात, बोललो तर त्याला आणखी मारतील. म्हणून आज मी उरुग्वे देशात खरी घडलेली गोष्ट सांगते.

उरुग्वे दक्षिण अमेरिकेत आहे, ब्राझीलला लागून. तिथं उत्तरेकडं ऊसतोड मजूर होते. मालक मोजके, जमीन सगळी त्यांची. राउल सेंडिक नावाचा कायदा शिकलेला माणूस मजुरांत जाऊन राहिला. 1961 साली त्यांची युनियन झाली. 1962 ला मजूर बायकापोरं घेऊन 600 किलोमीटर लांब राजधानीवर मोर्चानं गेले. पुढं मागणी आली, मालकांनी पडीक ठेवलेली जमीन आम्हाला कसायला द्या. नंतर सेंडिक आणि साथींनी बंदूक घेतली. तो रस्ता आपल्या संघटनेचा नाही. पण त्यांच्यावर काय गुजरलं ते आपण ऐकायला पाहिजे.

27 जून 1973 ला तिथं राष्ट्राध्यक्षानं लष्कराच्या जोरावर पार्लमेंट बंद केलं. सप्टेंबरात तुरुंगातून नऊ कैद्यांना बाहेर काढलं. त्यात सेंडिक होता. त्या तुरुंगाचं नाव काय, तर 'स्वातंत्र्य'! या नऊ जणांना ओलीस ठेवलं. बाहेर तुमच्या लोकांनी काही केलं तर तुम्हाला मारू, असं सांगितलं. एका छावणीतून दुसऱ्या छावणीत हलवत राहिले. एकेकाला वेगळं कोंडलं. बोलायला बंदी. असं वर्षामागून वर्षं.

मग ते जगले कसे? रोसेनकोफ नावाचा नाटककार आणि त्याचा साथी उइदोब्रो शेजारच्या कोठड्यांत होते. ते बोटानं भिंतीवर ठोकायचे. ठोके मोजून अक्षर ओळखायचं, अक्षराला अक्षर जोडून शब्द करायचा. पहारेकऱ्यांना पत्र लिहिता येत नव्हतं, तेव्हा त्यांच्या मैत्रिणींना पत्रं रोसेनकोफच लिहून द्यायचा. आणि बाहेर आया, बायका आपल्या माणसाचा माग सोडत नव्हत्या. तो कुठल्या छावणीत आहे, हे विचारत राहायच्या.

1980 साली लष्करानं आपल्या राज्यासाठी नवी घटना मताला टाकली. लोकांनी नाही म्हटलं. मार्च 1985 ला कैदी सुटले. नवातला एक आधीच आजारानं गेला होता. आठ जण जिवंत बाहेर आले.

आता आपलं. आपल्याकडं लष्कराचं राज्य नाही, कायदा आहे. घटनेच्या कलम 22 प्रमाणं अटक केलेल्याला कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि 24 तासांत, वाटेचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. पण विचारणारं कुणी नसेल तर कलम कागदातच राहतं.

म्हणून माणूस नेला की लगेच लिहून ठेवा: नाव, वेळ, कोणी नेलं, कुठल्या गाडीतून. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. त्याच दिवशी पाच-दहा जण मिळून चौकीवर जा, त्यात बाईमाणसं असू द्या. अर्ज द्या, पोच घ्या. संघटनेला निरोप धाडा. आत असलेल्यानंही दुसऱ्या कैद्याला आपलं नाव-गाव सांगावं. तो सुटला की निरोप बाहेर येतो.

माणूस कुठं आहे हे कुणालाच माहीत नसलं, की त्याला मारणं सोपं होतं. सगळ्या पाड्याला माहीत असलं, की मारणाऱ्याचा हात अडखळतो. आतली ठकठक आणि बाहेरची विचारपूस, दोन्ही चालू पाहिजेत.

जिंदाबाद!