कुत्र्याच्या अंगाची दुर्गंधि : तिचें मूळ कसें शोधावें ?



आजच्या भाषणाचा विषय ऐकतांच कांहीं श्रोत्यांनीं नाकाला पदर लावला असेल. परंतु ज्यांच्या घरीं कुत्रा आहे, त्यांना हा विषय हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं हें अनुभवानें ठाऊक असेल. पाहुणे दिवाणखान्यांत येऊन बसतात, कुत्रा शेपूट हालवीत जवळ येतो, आणि पाहुण्यांच्या कपाळावर आठी उमटते. मग कुत्र्याला गॅलरींत बांधलें जातें. महिन्यांतून एकदां होणारें स्नान आठवड्यांतून दोनदां होऊं लागतें. सुगंधी भुकटी येते, अत्तरवजा फवारे येतात. दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशीं वास पुनः हजर. अखेर गॅलरींतला मुक्काम कायमचा होतो, आणि ज्या प्राण्याला माणसांची संगत हाच जीवनाचा आधार, तो कांहीं अपराध नसतां घरांतल्या घरांत हद्दपार होतो. कित्येकदां तर त्याच वेळीं त्याचा दांत किडत असतो किंवा कान ठणकत असतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असें म्हणतात तें यालाच.

निरोगी कुत्र्याच्या अंगालाहि थोडासा वास असतोच. पावसांत भिजला म्हणजे तो वाढतो, कारण केसांवरील सूक्ष्म जंतूंनीं निर्माण केलेलीं द्रव्यें ओलाव्याबरोबर हवेंत उडतात. अंग कोरडें झालें कीं हा वास ओसरतो. त्याची काळजी नको. चांगलें स्नान घालून, अंग पूर्ण कोरडें करूनहि जो वास दोन-तीन दिवसांत परत येतो, त्याचें मूळ शोधावयाचें आहे.

शोधाची रीति सोपी आहे. प्रथम कुत्र्याचें अंथरूण, गळपट्टा आणि तो जेथें निजतो ती सतरंजी गरम पाण्यानें धुऊन उन्हांत वाळवावी. पुष्कळदां खरा गुन्हेगार येथेंच सांपडतो. नंतर स्वच्छ कापसाचे पांच-सहा बोळे घ्यावे. एकानें ओठांची आंतली कड पुसावी, एकेका बोळ्यानें एकेका कानाची बाहेरची बाजू, एकानें कातडीच्या घड्या व पायांच्या बोटांमधील जागा, आणि एकानें शेपटीखालचा भाग पुसावा. मग प्रत्येक बोळा निरनिराळा हुंगावा. हें काम घरांत सतत वावरणाऱ्यानें करूं नये. रोजच्या वासाला त्याचें नाक सरावलेलें असतें. बाहेरून आलेल्या माणसाला तो वास चटकन कळतो. मात्र जेथें हात लावतांच कुत्रा गुरगुरतो किंवा मान ओढून घेतो, तेथें बळजबरी करूं नये. दुखऱ्या जागीं हात लागल्यास अत्यंत गरीब कुत्राहि चावतो.

आतां एकेका जागेचा विचार करूं. पहिली जागा तोंड. मोठ्या कुत्र्याला ४२ दांत असतात. त्यांवर चिकट थर जमतो, थोड्याच दिवसांत तो दगडासारखा कठीण होतो, आणि त्याच्या आश्रयानें जंतु हिरडीखालीं शिरून दांताचें मूळ सैल करतात. वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशीं पू झाला म्हणजे डोळ्याच्या खालीं सूज येते. ती पाहून मालक डोळ्याचें औषध मागतो! कधीं हाडाचा तुकडा टाळूला आडवा अडकून बसलेला असतो. म्हाताऱ्या कुत्र्याच्या तोंडांत गांठहि असूं शकते. कुत्रा जेवतो आहे म्हणून तोंड निरोगी आहे असें समजूं नये. वेदना सोशीत जेवत राहणें हा त्याचा स्वभावच आहे. श्वासाला नवसागरासारखा उग्र दर्प असेल तर मूत्रपिंडें तपासावीं, आणि पिकलेल्या फळासारखा गोडूस वास असून कुत्रा मलूल असेल तर मधुमेहाची शंका घेऊन तत्काळ पशुवैद्याकडे जावें. दांत घासण्यास कुत्र्यांसाठीं केलेलीच टूथपेस्ट वापरावी. माणसांच्या कांहीं पेस्टींत झायलिटॉल नांवाची साखर असते. ती कुत्र्याला विषासमान आहे.

दुसरी जागा कान. कुत्र्याच्या कानाची नळी प्रथम खालीं उतरते व मग काटकोनांत आंत वळते. त्यामुळें आंतला मळ व ओलावा सहजासहजीं बाहेर येत नाहीं. स्पॅनियलसारख्या लोंबत्या कानांच्या जातींत हा त्रास विशेष. तपकिरी, तेलकट मळ आणि खवट वास असेल, कुत्रा डोकें झटकीत असेल, तर कानांत रोग आहे असें समजावें. पावसाळा संपतांना गवताचें एखादें कुसळहि आंत शिरतें. अशा वेळीं घरगुती संवयीनें कानांत कोमट तेल सोडूं नये. पडदा फाटलेला असल्यास वरून घातलेलें द्रव्य आंतल्या कानापर्यंत पोंचतें आणि ऐकण्याची शक्ति जाऊं शकते. पशुवैद्य आधीं पडदा पाहतो, मळ कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतो, आणि मगच औषध ठरवितो.

तिसरी जागा कातडी. येथें बहुधा मॅलॅसेझिया नांवाच्या किण्वाचा प्रताप असतो. त्याची कुत्र्यावर आढळणारी जात १९२५ सालीं प्रथम वर्णिली गेली ती एका भारतीय गेंड्याच्या रोगट कातडीवरून, म्हणून तिच्या शास्त्रीय नांवांत जाड कातडीच्या प्राण्याचा उल्लेख आला आहे. हें किण्व निरोगी कातडीवरहि थोडें असतें. पण पिसवांची किंवा अन्नाची अतिसंवेदना, अथवा गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीची मंदता असली कीं तें माजतें. कातडी तेलकट व काळसर होते, खाज सुटते, शिळ्या तेलासारखा वास येतो. माणसांच्या साबणानें वारंवार धुतल्यास कातडी कोरडी पडून त्रास वाढतो. औषधी शांपू द्यावयाचा तर तो सुमारें १० मिनिटें अंगावर राहूं द्यावा लागतो; आणि मूळ कारण दूर झालें नाहीं तर वास परतणारच. लांब केसांच्या जटांखालीं जखम होऊन पावसाळ्यांत अळ्या पडतात, हेंहि लक्षांत ठेवावें. सडक्या मांसासारखा वास आला तर केस बाजूला सारून पाहावें, आणि त्याच दिवशीं उपचार करावा.

चौथी जागा शेपटीखालची. गुदद्वाराच्या दोहों बाजूंस, घड्याळांतील ४ आणि ८ या आंकड्यांच्या ठिकाणीं, दोन लहान पिशव्या असतात. त्या तुंबल्या म्हणजे कुबट मासळीसारखा वास येतो व कुत्रा बसल्या बसल्या जमिनीवर घासत जातो. लोक जंतांचें औषध देतात, जंत नसतातच. या पिशव्या जाणत्याकडून रिकाम्या करून घ्याव्या, नाहींतर गळूं होऊन फुटतें.

कुत्रीच्या बाबतींत एक गोष्ट विशेष. माजावर येऊन गेल्यानंतरच्या एक-दोन महिन्यांत दुर्गंधियुक्त स्राव, अतिशय तहान, अन्नावर वासना नसणें, वांत्या अशीं लक्षणें दिसलीं, तर गर्भाशयांत पू झाल्याची दाट शक्यता असते. स्राव न दिसतांहि हा रोग असूं शकतो. येथें उद्यांवर ढकलणें म्हणजे तिचा जीव धोक्यांत घालणें होय.

शेवटीं पोटांतील वारा. कित्येक मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाहीं. ताटांतलें उरलेलें अन्न व अधाशीपणें गिळलेली हवा यांनींहि वारा होतो. नवें अन्न आठवडाभरांत हळूहळू बदलावें. एवढें करूनहि वारा हटत नसेल, मल पुष्कळ व पातळ होत असेल आणि कुत्रा खाऊनहि वाळत असेल, तर स्वादुपिंडाची तपासणी हवी.

पशुवैद्याकडे जातांना अगोदर आठ दिवस अत्तर-फवारे बंद ठेवावे, आणि एका कागदावर लिहून न्यावें : वास केव्हांपासून, कोणत्या जागेचा, खाज आहे काय, आहार काय, कुत्री असल्यास शेवटचा माज केव्हां. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें. तेव्हांपासून या शास्त्राचे जाणकार आपल्याकडे तयार होत आले आहेत. त्यांचा उपयोग करून घेणें आपल्या हातीं आहे.

गॅलरींत बांधलेला कुत्रा दाराकडे तोंड करून बसतो, हें आपण पुष्कळांनीं पाहिलें असेल. आपल्याला बाहेर कां काढलें, हें त्याला समजत नाहीं. आणि दांत दुखतो, हें त्याला सांगतां येत नाहीं. तेव्हां उद्यां सकाळीं साबणाची वडी हातीं घेण्यापूर्वीं कापसाचे ते पांच-सहा बोळे घ्या, आणि त्याला उजेडांत आणून नीट पाहा.