उन्हाळ्यातील प्रौढांचे वाचन

प्रौढांसाठी उन्हाळी वाचनाची यादी करताना दोन अडचणी येतात. मुलांना सुट्टी असते. मोठ्यांना ऊन तेवढे असते. लग्नसराई, गावची जत्रा, पापड-कुरडयांची वाळवणे यांतून दुपारचा तास-दीड तास हाती लागतो, तोही पेंगुळलेला. दुसरी अडचण ग्रंथालयातल्या कपाटावरच्या ‘प्रेरणादायी’ या पट्टीची. त्या पट्टीखालची बरीचशी पुस्तके यशाची पाककृती सांगतात; माणूस दिसतच नाही. ज्यांना कोणाला प्रेरणा द्यायची नव्हती, घडले ते सांगायचे होते, अशांची पुस्तके यादीत आधी यावीत.

विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे त्यांतले पहिले. पेणजवळच्या वरसईचा हा कर्जबाजारी भिक्षुक बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि थेट बंडात सापडला. झाशीचा वेढा त्याने शहरात राहून पाहिला. पुढे कालपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी तहानेने व्याकूळ झालेली राणी त्याला भेटते. भटजी पाणी काढायला पुढे होतात, पण विद्वान ब्राह्मणाला हे काम सांगणे तिला पटत नाही. ती स्वतःच पाणी शेंदते. सगळे राज्य गेलेल्या बाईचा हा संकोच वैशाखात वाचावा. चिंतामण विनायक वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली छापले, पण मजकुरावर हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी.

गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) उन्हाळ्यातच घडते, असे म्हटले तरी चालेल. मे १९४५ मध्ये तलासरी भागातल्या झरी गावी वारली जमले आणि वेठ न करण्याचे ठरले. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको जन्मभर त्याच्या दारी राबत. या गड्याला नावच ‘लग्नगडी’ होते. लग्नाच्या हंगामात हा एक शब्द पुरेसा बोलतो. पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) सलग वाचायचा आग्रह नको. कोठूनही उघडावीत. वडिलांचे टोकाचे सोवळे, नवऱ्याचे धर्मांतर आणि त्यानंतरची ताटातूट हे सगळे शाळेचे तोंड न पाहिलेली बाई हसत हसत सांगते. तक्रारीचा सूर लागत नाही.

दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) मात्र महिन्याबरहुकूम वाचायचे: चैत्रात चैत्र, वैशाखात वैशाख, आणि मधूनमधून खिडकीबाहेर पाहत. पाऊस येईपर्यंत दोन-तीन प्रकरणेच होतात, उरलेले वर्षभर पुरते.

विज्ञानाकडे ओढा असणाऱ्यांना जयंत नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ द्यावे. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे अशा चार मुक्कामांचे हे आत्मचरित्र जाडजूड आहे. नेहमीच्या मुदतीत ते संपत नाही. ग्रंथपालाने परतीची तारीख देताना ते ध्यानात घ्यावे.