घसारा कुणी धरला?

(जिल्हा मेळाव्यात दुपारच्या सत्रात झालेले भाषण. वक्ते तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतात.)



सकाळपासून या मांडवात कापसाच्या उत्पादन खर्चाचा हिशेब चालला आहे. बियाणे झाले, खत झाले, फवारणी झाली, वेचाई झाली. मी डॉक्टर, पण घर कोरडवाहूचे, म्हणून मीही मागे बसून ऐकत होतो. त्या हिशेबात एक शब्द आला, घसारा. वस्तू वापराने झिजते, त्या झिजेची किंमत. कृषिमूल्य आयोगाच्या रीतीत अवजारांचा घसारा धरतात. गोठ्याचा धरतात. घरच्या बैलाच्या कामाची किंमत काढताना वैरण-पेंडीबरोबर त्या बैलाचा घसाराही धरतात. आणि बैलामागे चालणाऱ्या माणसाचा? त्याचा रोज मजुराच्या दराने मांडला की वही मिटली. ज्या गुडघ्यांवर तो तीस-चाळीस वर्षे उभा राहिला त्यांची झीज एकाही रकान्यात नाही.

हा रकाना काढून घेण्यासाठी तुम्ही भांडाल तेव्हा मी तुमच्याबरोबर आहे. पण आज मी भांडायला आलो आहे ते तुमच्या घरातल्या बाजेशी आणि वरणाच्या पातेल्याशी.

वखराची पास झिजली की झिजली. ती रात्रीतून भरून येत नाही. शरीराचे तसे नाही. तिथे झीज आणि डागडुजी ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू असतात. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, मग तिच्या जागी दुसरी येते. वरची कातडी तरुणपणी महिना-सव्वा महिन्यात बदलते. हाड आपल्याला दगडासारखे वाटते, पण त्यातही पोखरणाऱ्या पेशी वेगळ्या आणि भरणाऱ्या वेगळ्या. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो.

हृदयाचे मात्र फार दिवस नक्की कळत नव्हते. १९५० आणि १९६० च्या दशकांत बड्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यांच्यामुळे एका जातीचा किरणोत्सारी कार्बन हवेत वाढला, हवेतून पिकात आणि पिकातून साऱ्या जगाच्या पोटात गेला. स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याच कार्बनवरून हृदयाच्या पेशींचे वय काढले आणि २००९ साली ते प्रसिद्ध केले. पंचविशीत वर्षाला शंभरातली एक पेशी नवी होते, पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून थोडी कमी. म्हणजे म्हातारपणी डागडुजी बंद पडत नाही, मंदावते. गवंडी कामावर येतो, पण उशिरा येतो आणि लवकर जातो.

काही ठिकाणी तो येतच नाही. दातावरचे कवच एकदा गेले की गेले. डोळ्यातल्या भिंगाचा गाभा जन्मभर तोच राहतो, म्हणून मोतीबिंदू. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिनी नाही. चालताना ती दबते आणि सुटते, तेवढ्यात स्पंजासारखे जे पोषण शोषेल ते. तिची मोठी झीज भरून येत नाही. या वस्तू जपूनच वापरायच्या. मांस, हाड आणि कातडी यांचे तसे नाही, आणि आपण नासाडी करतो ती नेमकी त्यांची.

मायबहिणींनी आपली बोटे पाहावीत. वेचणीत बोंडाच्या वाळल्या टोकांनी ती ओरबाडतात. विशीतल्या सुनेचे ओरखडे चार दिवसांत मिटतात, पन्नाशीतल्या सासूच्या भेगा संक्रांतीपर्यंत उघड्या राहतात. शेत तेच, बोंडे तीच. वयाने नवी कातडी वर यायला वेळ लागतो आणि अंगचे तेल कमी सुटते. रात्री हात धुऊन खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळा. आणि भेगाळलेल्या हातांनी फवारणीचे औषध कालवू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली. धड कातडीपेक्षा फाटलेल्या कातडीतून विष जास्त आत जाते.

पुरुषांनी घरी गेल्यावर मानेमागची कातडी आणि सदऱ्याखालची पोटाची कातडी ताडून पाहावी. दोन्हींचा जन्म एकाच दिवशीचा. मान चामड्यासारखी जाड आणि घड्या पडलेली, पोट अजून मऊ. हा फरक वयाचा नाही, उन्हाचा आहे. कातडीला ताणून धरणारे धागे उन्हाने तुटतात. उपरणे डोक्याला गुंडाळता तसे मानेवरूनही सोडा.

खऱ्र्याबद्दल बोललो की मांडवातले निम्मे लोक बाहेर जातात, म्हणून थोडक्यात सांगतो. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मग जखमेला रक्त कमी आणि भरायला वेळ जास्त. सुपारीची करामत आणखी वेगळी. ती गालाच्या आतल्या मऊ अस्तरात चिवट धाग्यांची भर घालत राहते. ही डागडुजीच, पण नको तिथली आणि नको तितकी. एक दिवस तोंडात दोन बोटे जात नाहीत, आणि तो गाल पुन्हा मऊ होत नाही. पुढे तिथेच कॅन्सरचा धोका. राज्यात २०१२ सालापासून गुटखाबंदी आहे. ती कशी पाळली जाते ते तुम्ही मला सांगायला नको आणि मी तुम्हाला.

आता बाजेकडे येतो. माझ्या वडिलांनी साठी ओलांडली तेव्हा आम्ही मुलांनी ठरवले, दादांनी आता काही करायचे नाही. माझा शब्द घरात डॉक्टरचा, म्हणून शेवटचा. चांगली नवी नवार घालून बाज ओसरीवर टाकली. पाणी जागेवर, चहा जागेवर. गावात नाव झाले, पोरे बापाला सांभाळतात. पुढच्या दिवाळीला दादांना बाजेवरून उठायला हात द्यावा लागला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते मोरीपाशी पडले. आम्ही म्हणालो, वय झाले. वय एका वर्षानेच वाढले होते. मांड्या मात्र निम्म्या झाल्या होत्या, आणि त्या आम्ही मायेने घालवल्या होत्या.

अमेरिकेत डलास शहरी १९६६ साली विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवले. तीस वर्षांनी, १९९६ साली, तीच पाच माणसे पन्नाशीत पुन्हा तपासली. श्रम करण्याची ताकद तीस वर्षांच्या वयाने जितकी घटली होती, त्याहून जास्त ती विशीतल्या त्या तीन आठवड्यांत घटली होती. तरण्या पोराची ही गत, तर सत्तरीच्या माणसाला हिवतापात किंवा पाय मोडल्यावर महिनाभर झोपवून ठेवल्याने काय होत असेल?

आता दुसरी बाजू. बॉस्टन शहरातल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा म्हाताऱ्यांना डॉक्टर फियाटारोन बाईंनी आठ आठवडे पायाने वजन उचलायला लावले. हळूहळू वाढवत, पण खरोखर जड वजन. नऊ जणांनी ते पुरे केले, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरीने पावणेतीनपट झाली. १९९० साली हे छापून आले. स्नायूंच्या कडेला राखीव पेशी निजलेल्या असतात. ताण पडला की त्या जाग्या होतात आणि मांस सांधतात. नव्वदीतही त्या जाग्या होतात. ताणच पडला नाही तर शरीर ते मांस मोडून खाते, कारण बिनकामाचा गडी पोसणे त्याला परवडत नाही.

मला लगेच विचारतील, "डॉक्टर, आम्ही काय बसून असतो का?" नाही. पण तुमचे कामही ध्यानात घ्या. वेचणीत दिवसभर वाकून तेच सांधे, तेच मणके, कमरेला भरलेली ओटी. तिथे झीज जास्त आणि विसावा नाही. डागडुजी होते ती विसाव्यात. गाढ झोपेत वाढीचा रस अंगात सुटतो. ज्यांच्या वाट्याला पाणी द्यायला रात्रीची वीज येते, त्यांची ती झोपच जाते. मग पऱ्हाटी उपटून झाली की मृगापर्यंत बरेच जण पारावर. तीन महिने अति, तीन महिने काहीच नाही. ओटी अर्धी भरली की रिकामी करा, तासाला दोन मिनिटे ताठ उभ्या राहा. आणि उन्हाळ्यात, तसेच घरच्या म्हाताऱ्यांनी बाराही महिने, एवढे करावे: छातीवर हात बांधून बाजेवरून उठायचे, बसायचे. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. ते सोपे झाले की हातात पाच लिटरचा पाण्याचा डबा घेऊन. छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर आधी दाखवून घ्या. सुरुवातीला कोणीतरी जवळ उभे राहा, पण काखेत हात घालून उचलू नका.

पण गवंडी आला आणि विटाच नसल्या तर? ज्वारीत शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम लागतात. पाच-सहा भाकरी खाणारा म्हणेल, भागले. भागले नाही. प्रथिने वीस प्रकारच्या तुकड्यांची बनतात. त्यांतला लायसीन नावाचा तुकडा ज्वारीच्या प्रथिनात गरजेच्या निम्म्याच्या आसपासच आहे. जोडीतला एक बैल मरतुकडा असला की गाडी त्याच्याच चालीने चालते. हा लायसीन तुरीत आहे, हरभऱ्यात आहे, दुधात आणि अंड्यात आहे. १९६० च्या दशकात हैदराबादला पोषण संशोधन करणाऱ्या डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या पठारावर जवळजवळ नुसत्या जोंधळ्यावर जगणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा नावाचा रोग तपासला. हातावर, मानेवर, जिथे ऊन लागे तिथे कातडी काळी पडून सोलली जात होती. दोष एकट्या भाकरीचा नव्हता, ताटात भाकरीजवळ काही नव्हते याचा होता.

आणि आपण काय करतो? कपाशीत तुरीचे तास घालतो, तूर विकतो, आणि घरी वरणात पाणी वाढवतो. का विकतो ते मला ठाऊक आहे, देणेकरी दारात उभा असतो. तरी माणशी रोज पन्नास ग्रॅम डाळ धरली तर पाच जणांच्या घराला वर्षाला नव्वद किलो लागते. तेवढी कणगीत ठेवून मग बाजाराला जा. मूठभर शेंगदाणे, तिळाची चटणी, बेसन, जमेल त्याने अंडे. म्हाताऱ्या माणसाला "पचत नाही" म्हणून वरणाचे वरचे पाणी आणि भात देतात, हे उलटे आहे. म्हातारे मांस प्रथिनांना कमी दाद देते, म्हणून त्याला ती जास्त लागतात. दात नसतील तर डाळ घोटून द्या. घरात सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचे काय येते, तेही एकदा डोळ्यांनी पाहा.

कारण बाईच्या हाडाचा प्रश्न वेगळा आहे. पाळी गेली की पहिली काही वर्षे हाड पोखरणाऱ्या पेशी पुढे पळतात, भरणाऱ्या मागे पडतात. पंचेचाळीस-पन्नाशीला हे व्हायचे ते तिशीत झाले तर? बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या इतक्या काढल्या गेल्या की २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर बीजांडकोश काढले की पाळीच नव्हे, हाडाचा राखणदारही त्याच दिवशी जातो. म्हणून ऑपरेशन सांगितले तर दोन प्रश्न विचारायचे: हे औषधाने भागणार नाही का, आणि बीजांडकोश ठेवणार का? उत्तर नीट मिळाले नाही तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय सही करू नका.

शेवटचे, साखरेचे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाची माणसे १० कोटींवर निघाली, आणि हा रोग आता शहराचा राहिला नाही. रक्तात साखर साचली की डागडुजीचे धागे ताठरतात, पायाच्या शिरा बधिर होतात. ज्वारीचे धसकट किंवा पऱ्हाटीचे खुंट तळव्यात घुसते आणि माणसाला कळत नाही. जखम भरत नाही, दुखत नाही म्हणून तो दाखवत नाही, आणि माझ्याकडे येतो तेव्हा बोट काळे पडलेले असते. दुखले असते तर तो आठ दिवस आधी आला असता.

मांडवाच्या डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीशेजारी, साखर तपासायचे यंत्र ठेवले आहे. बोटाला एक टोचणी, पैसे नाहीत. चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांनी जायचे. बायांसाठी वेगळी रांग आहे. चप्पल आणि मोजे काढून या, म्हणजे मला तळपाय पाहता येतील. ज्यांचे आई-वडील घरी बाजेवर आहेत त्यांनी तपासणी झाल्यावर माझ्याजवळ थांबावे. उठवायचे कसे ते मी करून दाखवणार आहे, इथल्याच एका बाजेवर.